टाकीबाहेर पडलेला मासा : तो का जगतो, का मरतो आणि त्यावरून काय ओळखावे

शोभिवंत मासे पाळणाऱ्याच्या घरी सकाळी टाकीजवळ जमिनीवर एखादा मासा पडलेला आढळणे ही काही विरळा गोष्ट नव्हे. अंगास धूळ चिकटलेली, पर वाळत आलेले, हालचाल काहीच नाही. असा मासा मेला असे समजून तो बहुधा उकिरड्यावर टाकला जातो किंवा कोंबड्यांपुढे जातो. परंतु कित्येकदा असाच मासा पाण्यात सोडला असता काही वेळाने कल्ले हलवू लागतो आणि दुसऱ्या दिवशी इतरांबरोबर पोहताना दिसतो. त्याच्याच शेजारी पडलेला, दिसण्यात अधिक टवटवीत असा दुसरा मासा मात्र पाण्यात सोडूनही जगत नाही. असे का घडते याचे कारण कोणी दैव सांगतात, तर कोणी जातीचा चिवटपणा सांगतात. यांतील दुसरे उत्तर बरेचसे खरे आहे, पण ते पुरेसे नाही.

हा विषय आता केवळ शहरातील हौशी मंडळींचा राहिलेला नाही. केंद्र शासनाने सन २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा अंतर्भाव करण्यात आला. घरामागील सिमेंटच्या हौदांत गुरामी, मोली, गप्पी, कोई कार्प इत्यादींची पिल्ले वाढवून विकणे हा शेतीस एक जोडधंदा होऊ शकतो. जेथे मासा हे उत्पन्न आहे तेथे जमिनीवर पडलेला प्रत्येक मासा हा तोटा होय. परंतु या लहान तोट्याकडे चुकीच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातून मोठा तोटा कसा उद्भवतो, हे प्रस्तुत लेखकाने एकदा स्वतःच्या चुकीने अनुभविले आहे. तो प्रसंग प्रथम सांगणे इष्ट वाटते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका खेड्यात जाण्याचा योग आला. तेथील एका भगिनीने परसात तीन हौद बांधून त्यांत गुरामी व कोई कार्प यांची पिल्ले वाढविली होती. तीन-चार दिवस सारखे ढगाळ हवामान होते. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा मधल्या हौदाशेजारी पाच गुरामी जमिनीवर पडलेले होते. “साहेब, रात्री मासे उड्या मारतात. काल दिवसभर तोंड वर काढून आ करत होते. भुकेले असतील म्हणून दुप्पट खाद्य घातलं,” असे त्या भगिनीने सांगितले.

पाचांपैकी तीन मासे पाण्यात सोडल्यावर जिवंत झाले. त्या आनंदात त्या भगिनीच्या बोलण्यातील मुख्य गोष्ट माझ्या ध्यानी आली नाही. मी कृषी शाखेचा पदवीधर. पिकाची पाने पिवळी पडली तर रोग मुळाशी शोधावा हे मला शिकविलेले होते. तरीही येथे मी केवळ उडीचाच बंदोबस्त केला. “हौद झाकून ठेवा, म्हणजे मासे बाहेर पडणार नाहीत,” असा सल्ला देऊन मी निघून आलो. घरात प्लॅस्टिकचा कागद होता. तो हौदावर ताणून कडेने दगड ठेवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर एकही मासा नव्हता. कागद काढल्यावर मात्र कोई कार्पची दीडशेच्या आसपास पिल्ले पाण्यावर उलटी तरंगत असल्याचे दिसून आले. एका कोपऱ्यात कागद फाटलेला होता. तेथे मात्र काही गुरामी पाण्याच्या पृष्ठभागाशी जिवंत होते. “साहेब, तुम्ही सांगितलं तसंच झाकलं होतं,” एवढेच ती भगिनी म्हणाली. त्या वाक्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर पुढे मिळाले, आणि तेच या लेखाचे प्रयोजन होय. फाटक्या कोपऱ्यातील गुरामी का जगले आणि त्याच हौदातील कोई कार्प का मेले, हे ज्यास समजले त्यास जमिनीवर पडलेल्या माशाचे रहस्यही समजले असे म्हणावयास हरकत नाही.

हवेत प्राणवायू विपुल, तरी मासा गुदमरतो का?

एक लिटर हवेत सुमारे २१० घन सेंटिमीटर प्राणवायू असतो. उलट २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यात, ते पाणी हवेशी पूर्ण घुसळलेले असले तरी, विरघळलेला प्राणवायू अवघा ६ घन सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे टाकीतून बाहेर पडलेला मासा प्राणवायूच्या दुष्काळातून सुकाळात येतो, आणि त्या सुकाळातच गुदमरतो.

याचे कारण कल्ल्यांच्या रचनेत आहे. कल्ल्याच्या प्रत्येक कमानीवर तंतूंच्या रांगा असतात आणि प्रत्येक तंतूवर अतिशय पातळ असे असंख्य पापुद्रे असतात. या पापुद्र्यांतून रक्त एका दिशेने वाहते व पाणी त्याच्या उलट दिशेने वाहते. या व्यवस्थेमुळे पाण्यातील थोडासा प्राणवायूही मासा काटकसरीने शोषून घेऊ शकतो. परंतु हे पापुद्रे एकमेकांपासून अलग राहतात ते पाण्याच्या आधाराने. ओढ्यातील शेवाळ पाण्यात असताना केसांसारखे मोकळे पसरलेले असते. तेच हातात उचलून घेतले की त्याचा एक ओला गोळा होतो. कल्ल्यांचेही तसेच होते. पाण्याबाहेर येताच पापुद्रे एकमेकांस चिकटतात आणि हवेचा स्पर्श होण्याजोगा पृष्ठभाग अगदी थोडा उरतो. भोवती हवा असूनही ती रक्तापर्यंत पोहोचत नाही.

कल्ल्यांचे काम केवळ प्राणवायू घेण्याचे नाही. शरीरात तयार होणारा कार्बन डाय-ऑक्साइड व अमोनिया हेही मुख्यतः कल्ल्यांवाटेच पाण्यात जातात. कल्ले बंद पडले म्हणजे चूल पेटत नाही आणि धूरही बाहेर जात नाही, अशी दुहेरी अडचण होते. त्यातच जमिनीवर पडलेला मासा जीव तोडून उड्या मारतो व शिल्लक असलेला प्राणवायू अधिकच वेगाने खर्च करतो.

ओलावा, उष्णता व आकार

यावरून पहिला नियम असा निघतो की, कल्ले जोवर ओले आहेत तोवर आशा आहे. चिकटलेले परंतु ओले असलेले पापुद्रे पाण्यात जाताच पुन्हा सुटे होतात. ते वाळले तर मात्र कायमचे निकामी होतात. म्हणून ओल्या फरशीवर, हौदाच्या गळतीच्या चिखलात किंवा भिजलेल्या गोणपाटावर पडलेला मासा अधिक काळ टिकतो. कोरड्या सिमेंटवर, राखेत अथवा पंख्याच्या वाऱ्यात पडलेला मासा लवकर मरतो. माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण काही काळ त्वचेचे रक्षण करते. पण मासा धुळीत लोळला म्हणजे हे आवरण पुसले जाते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. माशाच्या शरीराचे तपमान भोवतालच्या तपमानाप्रमाणे बदलते. थंडीत त्याच्या शरीरातील सर्व व्यापार मंद होतात व प्राणवायूची गरज घटते. म्हणून मार्गशीर्षातील पहाटे पडलेला मासा जेवढा वेळ तग धरील तेवढा वैशाखातील दुपारी पडलेला मासा धरणार नाही. गोल्डफिश आणि त्याचा भाऊबंद क्रूशियन कार्प यांच्या अंगी याबाबतीत एक अद्‌भुत गुण आहे. थंड देशांत तळी गोठल्यावर बर्फाखालील पाण्यातील प्राणवायू संपतो. अशा वेळी हे मासे प्राणवायूवाचून शरीरात निर्माण होणाऱ्या दुग्धाम्लाचे रूपांतर मद्यार्कात करून तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात आणि जीव राखतात. परंतु ही किमया थंडीतच उपयोगी पडते. आपल्या उन्हाळ्यात गोल्डफिशच्या चिवटपणावर विसंबून राहू नये.

तिसरी गोष्ट आकाराची. लहान माशाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून तो झटकन वाळतो. पातळ फरसाण मोठ्या लाडवापेक्षा लवकर सुकते, तसेच हे आहे. डॅनिओ, टेट्रा यांसारखे इवलेसे मासे काही मिनिटांतच हातचे जातात. वीतभर कोई कार्प त्यामानाने अधिक काळ तग धरतो.

हवा घेणारे मासे

वरील तिन्ही गोष्टी सारख्या असूनही जातीजातींत मोठा फरक राहतोच. कारण काही मासे हवेतील प्राणवायू थेट घेऊ शकतात. हे मासे आपल्या शेतकऱ्यांस अपरिचित नाहीत.

मरळ मासा आठवडी बाजारात थोड्याशा पाण्याच्या घमेल्यात तासन्‌तास जिवंत राहतो. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस रक्तवाहिन्यांनी भरलेले एक दालन असते. तोंडाने घेतलेली हवा तेथे साठवून तो त्यातील प्राणवायू शोषतो. उन्हाळ्यात तळे आटल्यावर तो ओल्या चिखलात दबून राहतो, तोही याच साधनाच्या बळावर. मागूर माशात याच जागी झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे असलेले इंद्रिय असते. शिंगी माशात दोन लांब हवेच्या नळ्या कल्ल्यांपासून पाठीच्या स्नायूंत मागे शेपटीच्या दिशेने गेलेल्या असतात.

शोभिवंत माशांपैकी गुरामी आणि सयामी फायटर यांना कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचे, चक्रव्यूहासारखे एक इंद्रिय असते. त्याच्या पातळ अस्थिपत्रांवर रक्तवाहिन्यांचे जाळे असते. ही पत्रे ताठ असल्याने हवेत चिकटून बसत नाहीत. म्हणून जमिनीवर पडलेला गुरामी ओलावा असेपर्यंत खरोखरच श्वास घेत असतो. बंगालमधील ‘कोई’ मासा (हा कोई कार्प नव्हे) याच गोत्रातील होय. हा मासा ओल्या जमिनीवर कल्ल्यांच्या काटेरी झाकणांचा आधार घेत सरपटत जातो. सन १७९१ मध्ये तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे डाल्डॉर्फ नावाच्या डॅनिश अधिकाऱ्याने हा मासा ताडाच्या झाडावर सापडल्याचे लिहून ठेवले. झाडावर चढण्याविषयी पुढे बराच वाद झाला. परंतु जमिनीवरून चालण्याविषयी वाद नाही.

आपल्या कोकणच्या खाजणांत दिसणारे निवटे तर ओहोटीच्या वेळी चिखलावरच उड्या मारीत हिंडतात. ते मुख्यतः ओल्या त्वचेतून व तोंडाच्या आतील अस्तरातून प्राणवायू घेतात आणि कल्ल्यांच्या पोकळीत थोडे पाणी बरोबर बाळगतात. अंग वाळू लागले की ते पुन्हा डबक्यात लोळण घेतात. म्हणजे येथेही ओलाव्याचाच नियम लागू आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हवा घेणाऱ्या माशास हवा मिळाली नाही तर तो पाण्यातही गुदमरतो. पूर्ण वाढलेल्या मरळ माशास पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येऊ दिले नाही तर तो बुडून मरतो, हे ऐकावयास विचित्र वाटले तरी सत्य आहे.

आता त्या हौदाकडे पुन्हा पाहू. ढगाळ हवामानामुळे पाण्यातील हिरव्या शेवाळाकडून दिवसा पुरेसा प्राणवायू तयार झाला नाही. रात्री तर शेवाळ स्वतःच प्राणवायू वापरते. दुप्पट घातलेले खाद्य तळाशी कुजले व त्या कुजण्यात उरलासुरला प्राणवायूही गेला. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत होते ते भुकेने नव्हे, तर श्वासासाठी. गुरामींनी उड्या मारल्या त्या या घाण पाण्यातून सुटण्यासाठी. त्यावर कागद ताणून आम्ही पाण्याचा हवेशी असलेला उरलासुरला संबंधही तोडला. कोई कार्पना हवा घेण्याचे इंद्रिय नाही; ते गेले. गुरामींना आहे, ज्यांस फाटक्या कोपऱ्यातून हवा मिळाली ते उरले. उडी थांबली, पण उडीचे कारण थांबले नाही.

उडी हे लक्षण आहे

यास्तव टाकीबाहेर पडलेला मासा हा प्रथम पाण्याविषयीची तक्रार समजावा. एखादा मासा भीतीने, नर मागे लागल्याने किंवा एकाएकी दिवा लावल्याने उडी मारू शकतो. नवीन आणलेले मासे पहिले काही दिवस अस्वस्थ असतात. पहिल्या पावसात कोकणातील ओढ्यांतून मासे उलट प्रवाहाने भातखाचरांत चढतात, त्यास कोठे चढण तर कोठे वलगण म्हणतात. नव्या वाहत्या पाण्याकडे झेप घेण्याची ही ओढ तळ्यातील व हौदातील माशांतही असते. हौदात वरून पाण्याची धार सोडल्यास ते तिच्या दिशेने उसळतात. परंतु एकाच रात्रीत अनेक मासे बाहेर पडले, अथवा लागोपाठ दोन-तीन दिवस पडू लागले, तर खालील कारणे क्रमाने तपासावीत.

पहिले कारण प्राणवायूची टंचाई. १५ अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते त्याच वेळी पाण्याची साठवण कमी होते. शेवाळयुक्त पाण्यात प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. मासे पहाटे वर येऊन आ करीत असतील व ऊन वाढल्यावर खाली जात असतील, तर हेच कारण समजावे. अशा वेळी खाद्य तत्काळ बंद करावे, तळाचा गाळ व उरलेले खाद्य काढावे, एकतृतीयांश पाणी बदलावे आणि झारीने किंवा पंपाने पाणी वरून पाडून ते हवेशी घुसळावे.

दुसरे कारण अमोनिया. माशांची विष्ठा व कुजलेले खाद्य यांपासून तो तयार होतो. पाणी अल्कधर्मी व उष्ण असल्यास त्याचा विषारी अंश वाढतो. माशांचे कल्ले लालसर सुजल्यासारखे दिसतात व ते पाण्यात इकडून तिकडे धावतात. येथेही खाद्य थांबविणे व पाणी थोडे थोडे बदलणे हाच उपाय होय.

तिसरे कारण क्लोरिन. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर येणारे नळाचे पाणी माणसास हितकर, परंतु माशाच्या कल्ल्यांस घातक असते. असे पाणी पसरट भांड्यात उघड्यावर एक दिवस ठेवून, अधूनमधून ढवळून मगच वापरावे. खोल विंधन विहिरीच्या पाण्यात क्लोरिन नसला तरी प्राणवायू फार कमी असू शकतो. तेही प्रथम हवेशी घुसळून घ्यावे.

सापडलेल्या माशाची शुश्रूषा

जमिनीवर मासा दिसताच तो मेला असे गृहीत धरू नये. शरीर ताठ झाले असेल, डोळे खोल जाऊन पांढुरके झाले असतील, पर कुरकुरीत वाळले असतील व कल्ले तपकिरी कोरडे झाले असतील, तर आशा सोडावी. अन्यथा पुढीलप्रमाणे करावे.

१. हात प्रथम पाण्यात भिजवावेत व मासा ओल्या तळहातावर किंवा ओल्या फडक्याने उचलावा. कोरड्या हाताने उचलल्यास अंगावरील उरलेले आवरणही निघून जाते. चिमटीत शेपूट धरून उचलू नये.

२. वेगळ्या बादलीत चांगले, मुरविलेले पाणी घ्यावे. त्याचे तपमान हौदाच्या पाण्याइतकेच असावे. ज्या हौदातून मासा बाहेर पडला त्याच हौदात तो परत टाकू नये. ते पाणीच दोषी असू शकते.

३. अंगास चिकटलेली धूळ पाण्यात हलकेच हलवून सुटू द्यावी. ती बोटाने खरडू नये. खवले व डोळे दुखावतात.

४. मासा सरळ धरून त्याचे तोंड पाण्याच्या मंद प्रवाहाकडे करावे. हवेचा पंप असल्यास त्याच्या बुडबुड्यांजवळ धरावा. अनेकजण मासा पुढेमागे हलवितात. पण मागे ओढल्याने पाणी कल्ल्यांत उलट्या दिशेने शिरते व अपाय होतो. केवळ पुढे, सावकाश न्यावा. दहा-पंधरा मिनिटे धीर धरावा.

५. दर लिटर पाण्यास २ ते ३ ग्रॅम खडेमीठ विरघळवावे. दहा लिटरच्या बादलीस २० ते ३० ग्रॅम पुरे. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्वचा खरचटली की अंगातील क्षार बाहेर जातात व पाणी आत शिरते. थोड्या मिठाने हा ताण हलका होतो.

६. गुरामी अथवा फायटर असल्यास पाणी उथळ ठेवावे, म्हणजे अशक्त माशास पृष्ठभागाशी येऊन हवा घेणे सोपे जाते.

७. एक दिवस खाद्य देऊ नये व बादली सावलीत, शांत जागी ठेवावी. पोहू लागलेला मासाही पुढील तीन-चार दिवसांत दगावू शकतो, कारण आवरण गेलेल्या त्वचेवर कापसासारखी पांढरी बुरशी वाढते. तशी बुरशी दिसल्यास मासा वेगळाच ठेवावा व मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. त्वचा स्वच्छ राहिल्यास तो इतरांत मिसळावा.

झाकण कसे असावे

पाण्याचा दोष दूर केल्यावर मग झाकणाचा विचार करावा. हौदावर नायलॉनची जाळी ताणून बसवावी. तिची छिद्रे माशाच्या जाडीपेक्षा लहान असावीत. जाळीतून हवा खेळती राहते आणि खंड्या, बगळा, मांजर यांपासूनही रक्षण होते. काचेच्या पेटीवर काच ठेवावयाची असल्यास कडेने फट ठेवावी. परंतु नळी जाते तेथील भोक मोठे नसावे. गुरामी नेमके तेवढ्याच भोकातून बाहेर पडतात. पाणी काठोकाठ न भरता दहा-पंधरा सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. ही मोकळी जागा उडी अडविते आणि हवा घेणाऱ्या माशांस श्वास घेऊ देते. पृष्ठभागावर थोडी तरंगती वनस्पती ठेवल्यास मासे कमी बिचकतात. मात्र तिने संपूर्ण पाणी झाकू देऊ नये, नाहीतर तीही प्लॅस्टिकच्या कागदाचेच काम करील.

चिवट मासा आणि शेजाऱ्याचे तळे

आतापर्यंत चिवटपणा हा गुण म्हणून वर्णिला. शेततळे असलेल्या शेतकऱ्यांनी त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जो मासा पाण्याबाहेर जगतो तो हौद व तळे सोडूनही जाऊ शकतो.

चालणारा मागूर हा आशियातील मासा सन १९६० नंतरच्या दशकात शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात नेण्यात आला. तेथून तो निसटला व पावसाळी रात्री जमिनीवरून सरपटत तळ्यातळ्यांत पसरला. तेथील मत्स्यपालकांवर आपल्या तळ्यांभोवती कुंपण घालण्याची पाळी आली. कारण हा मासा तळ्यात शिरून पाळलेले मासे खाऊ लागला.

आपल्याकडे हीच भीती थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन माशाची आहे. तो हवा घेतो, घाण पाण्यात जगतो, झपाट्याने वाढतो आणि देशी मासे फस्त करतो. केंद्र शासनाने सन २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आणि पुढे आपल्या राज्यातही त्याचे साठे नष्ट करण्यात आले. झटपट वाढीच्या लोभाने कोणी याचे बीज देऊ लागल्यास ते घेऊ नये. देशी मागुराचे बीज हवे असल्यास ते मत्स्यव्यवसाय विभागाकडून खात्री करूनच घ्यावे.

काचपेटीतील शेवाळ चाटणारा, अंगावर कवचासारखी पत्रे असलेला सकर मासा हे दुसरे उदाहरण होय. हा मासा गिळलेल्या हवेतील प्राणवायू जठरातून शोषतो व पाण्याबाहेर बराच काळ राहतो. पेटीत मोठा झाला म्हणून लोकांनी तो नदीत सोडला, आणि आज तो देशातील अनेक जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्यास किंमत नाही. पाळीव मासा ओढ्यात, विहिरीत वा धरणात सोडणे हे दयेचे कृत्य नाही. शोभिवंत मासे पाळणाऱ्यांनी हौदाचे पाणी नाल्यात सोडतानाही तोंडाशी बारीक जाळी लावावी. शेततळ्याच्या सांडव्यावरही जाळी असावी. म्हणजे पहिल्या पावसात रोहू व कटला यांची बोटुकली वाहून जाणार नाहीत आणि बाहेरचा खादाड मासा चढून आत येणार नाही.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मत्स्यपालकांच्या घरी गेल्यावर मासे किती आहेत हे विचारण्यापूर्वी जमिनीवर किती पडतात हे विचारावे. त्या एका प्रश्नावरून पाण्याची स्थिती बरीचशी कळते. मासा पडला तर तो ओल्या हाताने उचलून वेगळ्या पाण्यात ठेवावा. त्यानंतर हौदाकडे वळून पाण्याचा वास घ्यावा, तळ पाहावा, खाद्य किती घातले ते विचारावे. मासे वर येऊन आ करीत असतील तर मूठभर खाद्य देण्याऐवजी बादलीभर पाणी वरून ओतावे. हे सर्व झाल्यावर जाळी बसवावी.

त्या भगिनीने पुढील हंगामात पुन्हा पिल्ले आणली. हौदांवर आता जाळी आहे, आणि एक रिकामी बादली मुरविलेल्या पाण्यानिशी कायम भरून ठेवलेली असते. मागील भेटीत तिने सांगितले की, पावसाळ्यात एकदा एक गुरामी खाली पडला होता. तो बादलीत ठेवून तिने प्रथम हौदाचा तळ साफ केला आणि दोन दिवस खाद्य बंद ठेवले. त्यानंतर एकही मासा पडला नाही. गुरामी जगला की नाही हे विचारण्याचे माझ्या ध्यानी राहिले नव्हते. तिनेच बोट दाखविले. तो इतरांत मिसळून पोहत होता.